पत्ता: युद्धकैदी छावणी

वाचकांचे प्रश्न

ट्रंकेच्या तळाशी सापडलेली कार्डं, रद्दीवाल्याकडून आलेली पाकिटं, ऑनलाइन लिलावात घेतलेली आणि मग मनात शंका उभी करणारी कव्हरं (टपालातून गेलेली पाकिटं). युद्धकैद्यांच्या टपालाबद्दल इतके प्रश्न आले की यावेळी सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. एकाच अर्थाचे प्रश्न एकत्र केले आहेत. वाचकांच्या इच्छेनुसार फक्त गावांची नावं छापत आहोत.

आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, जून १९४२ मध्ये टोब्रुकला पकडले गेले. घरात त्यांची अकरा कार्डं आहेत. पहिल्या चारांवर इटालियन छपाई आणि ‘पी. जी. ९१’, बाकीच्यांवर जर्मन. एकावरही तिकीट नाही. कुणी काढून घेतली असतील का? आणि आजीनं त्यांना पाठवलेलं एकही पत्र कसं नाही? (मिरज)

तिकिटं कुणी काढलेली नाहीत, ती लावलेलीच नव्हती. युद्धकैद्यांचं टपाल दोन्ही बाजूंनी मोफत जावं हे १९०७ च्या हेग करारात होतं आणि १९२९ च्या जिनिव्हा करारानं ते पक्कं केलं. जर्मन कार्डावर ‘गेब्युरेनफ्राय’ असा छापील शब्द दिसेल, त्याचा अर्थ ‘शुल्कमुक्त’. वर ठळक अक्षरांत ‘क्रीग्सगेफांगेनेनपोस्ट’ म्हणजे युद्धकैद्यांचं टपाल. पैसे लागत ते फक्त विमानानं पाठवायचं असेल तर. म्हणून विमानाच्या कव्हरावर तिकीट असणं आणि साध्यावर नसणं, दोन्ही बरोबर.

२१ जून १९४२ ला टोब्रुक पडलं तेव्हा तिथल्या ११ व्या भारतीय ब्रिगेडमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन होती, त्यामुळे तुमच्या घरातली हकीकत कागदाशी जुळते. आफ्रिकेत पकडलेले कैदी आधी इटलीच्या ताब्यात जात. ‘पी. जी.’ ही ‘प्रिजोनिएरी दि ग्वेर्रा’ची आद्याक्षरं आणि ९१ क्रमांकाची छावणी रोमच्या पूर्वेला आवेझ्झानोला, भारतीय कैद्यांसाठी होती. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीची शस्त्रसंधी जाहीर झाली आणि जे कैदी निसटू शकले नाहीत त्यांना जर्मनांनी उत्तरेकडे हलवलं. तुमच्या पाचव्या कार्डावर छपाई बदलते ती याच कारणानं. भारतीय कैदी मोठ्या संख्येनं जर्मनीत आन्नाबुर्गला आणि व्याप्त फ्रान्समध्ये एपिनालला होते. ‘आब्झेंडर’, म्हणजे पाठवणारा, या शब्दाखालच्या ओळींत कैद्याचा क्रमांक आणि छावणीचं नाव पाहा. कार्डं तारखेनं लावा. रंगानं किंवा आकारानं लावलीत तर हा सगळा प्रवास विस्कटेल.

एक सावधगिरी. छावणीचा क्रमांक म्हणजे गाव नव्हे. लाम्सडॉर्फची मोठी छावणी १९४३ च्या शेवटापर्यंत ‘स्टालाग आठ-बी’ होती (स्टालाग म्हणजे साध्या सैनिकांची कैदी छावणी; आठ रोमन आकड्यात). मग तिला ३४४ हा क्रमांक मिळाला आणि जुना आठ-बी टेशेनच्या छावणीकडे गेला. म्हणजे कार्डावर आधी आठ-बी आणि नंतर ३४४ दिसलं तर कैदी हललेला नसेल, नुसता नंबर बदलला असेल. उलट १९४४ च्या कार्डावरचा आठ-बी लाम्सडॉर्फ म्हणून विकला जात असेल तर विकणाऱ्यालाच हे माहीत नाही.

आता आजीची पत्रं. कैद्यानं लिहिलेलं पत्र घरी येतं आणि घर टिकतं. कैद्याला आलेलं पत्र त्याच्या झोळीत असतं, आणि झोळीला छावणी बदलताना, झडतीत, पळापळीत पाय फुटतात. ११ मे १९४४ ला एपिनालवर बॉम्ब पडले, कुंपणं तुटली आणि बाहेर पडलेल्यांपैकी सुमारे ५०० भारतीय स्वित्झर्लंडला पोचले. त्यांनी पत्रांचा गठ्ठा सोबत नेला असेल असं वाटतं का? म्हणूनच संग्राहकांच्या जगात कैद्यानं लिहिलेल्यापेक्षा कैद्याला लिहिलेलं टपाल दुर्मीळ. जे हाती येतं त्यातलं बरंचसं ‘पोचवता आलं नाही’ म्हणून परत आलेलं असतं. ट्रंकेत असं एखादं परत आलेलं पाकीट असेल तर त्यावर डाव्या कोपऱ्यात हातानं ‘प्रिझनर ऑफ वॉर पोस्ट’ लिहिलेलं, कडेला भारतीय सेन्सॉरची ‘ओपन्ड बाय एक्झामिनर’ची पट्टी आणि कदाचित छावणीतला ‘गेप्रुफ्ट’ (तपासलं) हा शिक्का असेल. पेन्सिलीत खोडून लिहिलेला दुसरा छावणी-क्रमांकही असू शकतो. तो खोडरबरानं ‘साफ’ करू नका. अशा पाकिटातली सगळ्यात मोलाची ओळ बहुधा तीच असते.

ऑनलाइन लिलावात दुसऱ्या महायुद्धातलं युद्धकैद्याचं कव्हर घ्यायचं आहे. नकली कसं ओळखावं? (ठाणे)

संपूर्ण नकली कमी सापडतं. चुकीचं वर्णन केलेलं आणि अस्सल कागदावर नंतर काहीतरी वाढवलेलं, हे रोज सापडतं. म्हणून सुरुवात वर्णनापासून करा.

लिस्बनच्या ५०६ क्रमांकाच्या पोस्ट बॉक्सचं पाकीट ‘पी. ओ. डब्ल्यू.’ (प्रिझनर ऑफ वॉर, म्हणजे युद्धकैदी) म्हणून सर्रास विकतात. तो बॉक्स शत्रूच्या ताब्यातल्या देशातल्या सामान्य नातेवाइकांशी पत्रव्यवहार करण्यासाठी थॉमस कुक कंपनीमार्फत चालत असे. कैद्यांचा त्याच्याशी संबंध नाही. तसाच २५ शब्दांचा रेड क्रॉस संदेशाचा छापील फॉर्म. तोही नागरिकांसाठी. दोन्ही गोष्टी जमवण्याजोग्या आहेत, पण कैद्यांच्या टपालाचा भाव देऊन नाही.

आता वस्तू. विक्रेत्याकडून दोन्ही बाजूंचं ६०० डीपीआय स्कॅन मागा. नुसती पुढची बाजू दाखवणाऱ्याकडून घेऊ नका, कारण मार्गातले आणि पोचल्याचे शिक्के मागेच असतात. स्कॅन आलं की कागदावर तारखा मांडा: लिहिल्याची तारीख, छावणीतला शिक्का, सेन्सॉर, गावातल्या पोस्टाचा शिक्का. जर्मनीतून भारतात साधं पत्र यायला तीन-चार महिने सहज लागत. मे १९४३ मध्ये लिहिलेलं कार्ड मेमध्येच सांगलीला पोचलेलं दिसलं तर दोनपैकी एक शिक्का खोटा आहे. छावणीचं नाव त्या तारखेला अस्तित्वात होतं का, हेही याच वेळी पाहा.

पुढची चूक गमतीची असली तरी वारंवार दिसते. सेन्सॉरची चिकटपट्टी पाकीट कापून उघडल्यावर ते पुन्हा बंद करण्यासाठी असते. पोस्टकार्ड उघडायचं कुठून? उघड्या कार्डाच्या कडेला ‘ओपन्ड बाय एक्झामिनर’ची पट्टी दिसली तर ती दुसऱ्या कुठल्या तरी पाकिटावरून येऊन बसली आहे. कार्डावर फक्त शिक्का हवा.

कव्हर हातात आल्यावर दोन साधनं पुरतात: दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा. अंधारात दिवा धरला आणि कागद निळसर पांढरा झगमगला तर त्यात प्रकाशवर्धक रसायन आहे. कागदात ते सर्रास आलं १९५० च्या आसपास. १९४२ चा कागद मळकट, पिवळट किंवा जांभळट दिसतो, झगमगत नाही. पाकीट काळवंडलेलं आणि सेन्सॉरपट्टी तेवढी चमकणारी, असंही होतं. तेव्हा पट्टी संशयित.

भिंगाखाली शिक्क्याची कड पाहा. रबरी शिक्क्याची शाई कडेला जरा जास्त साचते, मध्ये फिकी पडते आणि कागदाच्या तंतूत मुरते. इंकजेटनं छापलेला शिक्का सुट्या रंगीत ठिपक्यांचा दिसतो, लेझर प्रिंटरचा चकाकणाऱ्या काळ्या भुकटीचा. शिक्का आणि हस्ताक्षर जिथे एकमेकांवर येतात तिथे शिक्का वर हवा, कारण तपासणारा लिहिणाऱ्याच्या नंतर येतो. बॉलपेननं लिहिलेलं युद्धकाळातलं पत्र मात्र तिथल्या तिथे परत करा. बॉलपेन सर्वसामान्यांच्या हाती आलं ते १९४५ नंतर. (मागच्या बाजूला कुण्या जुन्या विक्रेत्यानं बॉलपेननं लिहिलेला भाव चालतो. त्यानं वस्तू खोटी ठरत नाही, फक्त कुरूप होते.)

कोऱ्या फॉर्मचीही अडचण आहे. युद्ध संपल्यावर छावण्यांतून न वापरलेले छापील फॉर्म गठ्ठ्यानं बाहेर आले. कागद, छपाई सगळं अस्सल आणि मजकूर मात्र कालचा. अशा वेळी मजकूरच वाचा. जर्मन कार्डावर लिहायला सात ओळी, पत्राच्या घडीवर चोवीसच्या आसपास. खरा कैदी त्या ओळी काठोकाठ भरतो, तब्येत, पार्सल, घरच्यांची नावं, ‘मागचं पत्र मिळालं का’ असं विचारतो. नकली पत्रात लढाई, नेते आणि तारखा असतात. सेन्सॉरनं त्या ठेवल्या असत्या का?

कागदावर ब्रशनं ओढल्यासारखे निळसर किंवा तपकिरी पट्टे असतील तर घाबरू नका आणि ‘डाग’ म्हणून किंमतही पाडू नका. अदृश्य शाई आहे का हे पाहण्यासाठी सेन्सॉर रसायनाचे फराटे मारत, त्यांच्या खुणा त्या.

जाता जाता: ‘आझाद हिंद’ छापलेली १९४३ ची तिकिटं लावलेलं कैद्याचं किंवा सैनिकाचं कव्हर कुणी दाखवलं तर खिशात हात घालू नका. ती तिकिटं बर्लिनच्या सरकारी छापखान्यात छापली गेली, पण टपालासाठी वापरात कधीच आली नाहीत.

‘अहमदनगर, प्रिझनर ऑफ वॉर कँप’ असं लिहिलेली तीन कव्हरं एकाच लॉटमध्ये मिळाली. तिन्ही वेगळ्या काळातली वाटतात. एकाच गावात किती वेळा छावणी होती? (श्रीरामपूर)

तीनदा. म्हणूनच अहमदनगर (आता अहिल्यानगर) हे नाव या छंदात जगभर माहीत आहे.

पहिली बोअर युद्धातली. दक्षिण आफ्रिकेत पकडलेल्या बोअर कैद्यांना ब्रिटिशांनी सेंट हेलेना, बर्म्युडा, सिलोन आणि १९०१ पासून भारतातही पाठवलं. अहमदनगर आणि सातारा ही त्यातली आपली दोन गावं. ३१ मे १९०२ ला तह झाला. राजा सातव्या एडवर्डच्या चेहऱ्याची भारतीय तिकिटं त्यानंतर आली, म्हणून युद्ध चालू असतानाच्या कव्हरावर तिकीट असलंच तर राणी व्हिक्टोरियाचं हवं. पत्ता बहुधा ट्रान्सवाल, ऑरेंज रिव्हर कॉलनी किंवा नेदरलँड्सचा आणि भाषा डच वळणाची.

दुसरी छावणी पहिल्या महायुद्धातली. १९१४ पासून जर्मन आणि ऑस्ट्रियन पुरुष, त्यांत व्यापारी, मिशनरी, जहाजांवरचे खलाशी असे सगळे, इथे ठेवले होते. बायका-मुलांची सोय बेळगावला होती. नगरहून बेळगावला गेलेलं पत्र म्हणजे बहुतेक वेळा नवऱ्यानं बायकोला लिहिलेलं, आणि तरीही सेन्सॉर होऊन गेलेलं. युरोपला जाणारी पत्रं स्वित्झर्लंड किंवा हॉलंडसारख्या तटस्थ देशातून जात, त्यामुळे त्यांवर दोन-तीन देशांचे शिक्के साचतात. तिकीट असेल तर पाचव्या जॉर्जचं.

तिसरी सप्टेंबर १९३९ पासूनची, सहाव्या जॉर्जच्या काळातली. तीही मुख्यतः जर्मन नागरिकांची. १९४१ मध्ये लोक देवळालीला आणि पुढे देहरादूनला हलवले गेले. काहींना पुरंदर आणि साताऱ्याला पॅरोलवर ठेवलं होतं. पुरंदर किल्ल्याचा पत्ता असलेलं १९४२ चं पाकीट पाहून काही विक्रेते त्यावर ‘लष्करी टपाल’ लिहितात. ते स्थानबद्ध नागरिकाचं टपाल आहे. युद्धकैदी आणि स्थानबद्ध नागरिक यांतला फरक वहीत दोन वेगळ्या रकान्यांत ठेवा, दोघांचे नियम आणि फॉर्म वेगळे असू शकतात.

एक इशारा. नगर ही कायमच लष्करी छावणीची (कँटोन्मेंटची) जागा. गोऱ्या सैनिकांनी घरी लिहिलेली हजारो पत्रं ‘अहमदनगर’चा शिक्का घेऊन फिरतात. गावाचं नाव आणि सेन्सॉरचा शिक्का एवढ्यानं कैद्याचं टपाल ठरत नाही. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात बराकीचा किंवा कैदी-क्रमांक हवा.

चुलतआजोबा फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूरला पकडले गेले. घरात त्यांचं एकच छापील कार्ड आहे आणि त्यांच्या भावानं पाठवलेलं, परत आलेलं एक पाकीट. पाकिटातला मजकूर फारच तुटक, नुसती मोठी इंग्रजी अक्षरं. असं का? (सातारा)

जपाननं १९२९ च्या जिनिव्हा करारावर सही केली होती, पण तो मंजूर केला नव्हता. टपाल त्यांच्या मर्जीनं चाले, म्हणून साडेतीन वर्षांत मोजकीच कार्डं घरी पोचत. छापील कार्डात ‘माझी प्रकृती उत्तम आहे’, ‘मी रुग्णालयात आहे’, ‘मी पगारावर काम करतो’ अशी वाक्यं तयार असत आणि नको ते खोडायचं असे. काय खोडलं नाही ते नीट वाचा. तेवढंच त्या माणसाचं स्वतःचं बोलणं आहे.

घरून जाणाऱ्या पत्रांनाही पुढे २५ शब्दांची मर्यादा आली, आणि ते टाइप केलेले किंवा सुट्या मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावेत अशी अट. भावाचा मजकूर तुटक दिसतो तो त्यामुळे. शब्द मोजून पाहा, पत्ता आणि सही वगळून. पत्त्यात ‘मलाई’ असं दिसलं तर घोटाळा समजू नका, मलायाचं ते जपानी नाव. कैदी नेमका कुठे आहे हे कळेपर्यंत ‘टोकिओ, जपानी रेड क्रॉस मार्फत’ असा पत्ता लिहीत.

पाकीट आणि आतला कागद वेगळे करू नका. परत आलेल्या पाकिटाला तारीख पाकिटावरून मिळते आणि अर्थ कागदावरून. दोन अल्बमांत गेले की दोन्ही मुके.

कोकणात राहतो. पावसाळ्यात कार्डांवर करडी बुरशी येते. काहींवर जुनी सेलोटेप आहे, काहींना गंजलेल्या टाचण्या. साबण-पाणी किंवा उन्हात वाळवणं चालेल का? (रत्नागिरी)

दोन्ही नको, आणि पाणी तर अजिबातच नको. छावणीतली बरीच कार्डं कॉपिंग पेन्सिलीनं लिहिलेली असतात. कोरडी असताना ती साध्या शिसपेन्सिलीसारखी करडी दिसते. ओल लागली की जांभळी होऊन पसरते आणि मग ब्रह्मदेव आला तरी परत होत नाही. कार्डाच्या कोपऱ्यात एखादं अक्षर जांभळं पडलेलं दिसत असेल तर तिथे पूर्वी कुणाचा तरी ओला अंगठा लागला आहे. तेवढ्यानं उरलेलं कार्ड कशानं लिहिलं आहे ते कळतं. वाफेनं तिकीट किंवा पट्टी सोडवणं हेही पाणीच.

बुरशीचं कार्ड आधी बाकीच्यांपासून वेगळं करा. पंख्याच्या थेट झोतात नाही, पण हवा खेळणाऱ्या सावलीत दोन-तीन दिवस ठेवा. बुरशी कोरडी, भुसभुशीत झाली की घराबाहेर, तोंडाला मास्क लावून, मऊ रुंद ब्रशनं कडेच्या दिशेनं हलकेच झटका. ओली असताना पुसलीत तर ती तंतूत दाबली जाते. उन्हानं बुरशी मरेल, पण शिक्क्यांची जांभळी-लाल शाईही उडेल.

टाचणी ओढून काढू नका. गंज कागदाला चिकटलेला असतो, ओढलं की भोकाचा फाटा होतो. पातळ पॉलिस्टरची बोटभर पट्टी टाचणीच्या पायाखाली कागद आणि धातूच्या मध्ये सरकवा, दुसऱ्या बाजूनंही तसंच, मग पाय एक-एक करून उचला. उरलेला गंजाचा डाग राहू द्या. सेलोटेपचं प्लॅस्टिक आपोआप सुटत असेल तर सुटू द्या, पण चिकट थर काढायला पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यांपैकी काही लावू नका. या द्रावकांनी शिक्क्याची शाई पसरते. वस्तू महत्त्वाची असेल तर कागदसंवर्धकाकडे द्या.

ठेवण्यासाठी पॉलिस्टरची (मायलर) पाकिटं वापरा. ज्या प्लॅस्टिकला नव्या रेनकोटसारखा वास येतो ते पीव्हीसी. ते काही वर्षांनी चिकट होतं आणि शाई स्वतःकडे ओढून घेतं. लॅमिनेशनचं तर नावच काढू नका. रबरी गॅस्केटच्या झाकणाचा डबा, त्यात लहानसा आर्द्रतामापक आणि १० लिटरच्या डब्याला साधारण ५० ग्रॅम सिलिका जेल. काटा ४५ ते ५५ टक्क्यांत राहिला पाहिजे. कोकणातल्या जुलैत दर आठवड्याला पाहा, जेलचा रंग बदलला की ते तव्यावर किंवा ओव्हनमध्ये १२० अंशांच्या आत तासा-दोन तासांत सुकवून परत ठेवा. डांबरगोळ्या डब्यात टाकू नका. कपाटात कसर असेल तर कपाट रिकामं करून साफ करा, कागदांना औषध मारू नका.

आम्ही न्यू जर्सीत असतो. सांगलीच्या घरातली पणजोबांची १९१७ ची कार्डं कुरिअरनं मागवू का? (एडिसन)

थांबा. पुरावशेष आणि कलावस्तू कायदा, १९७२ नुसार ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन महत्त्वाचं हस्तलिखित, दस्तऐवज ७५ वर्षं जुना झाला की तो पुरावशेष ठरू शकतो, आणि पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. घरगुती कार्ड त्यात मोडतं का हे कुरिअरवाला ठरवणार नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावशेष नाही’ असा दाखला घेऊन मगच पाठवा. नुसतं वाचायचं असेल तर उत्तम स्कॅन मागवा: दोन्ही बाजू, शेजारी मोजपट्टी, एक फोटो तिरक्या उजेडात. पुसट पेन्सिलीचे ठसे तिरक्या उजेडात उठून दिसतात.

शोधासाठी मात्र घरबसल्या सोय आहे. पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांची जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसकडची सूचीपत्रं २०१४ पासून इंटरनेटवर मोफत पाहता येतात. पणजोबा १०३ किंवा ११० व्या मराठा पलटणीत असतील तर २९ एप्रिल १९१६ ला कुत अल-अमाराला (आताच्या इराकमध्ये) शरण आलेल्या फौजेत ते असण्याची शक्यता आधी तपासा. नाव इंग्रजीत कसंही लिहिलेलं असेल, म्हणून आडनावापेक्षा पलटण आणि क्रमांकावरून शोधा. दुसऱ्या महायुद्धातल्या कैद्यांसाठी रेड क्रॉस ठरावीक संख्येनंच अर्ज घेतं, त्याची वाट पाहावी लागते.

१९७१ चं टपाल जमवण्याजोगं आहे का? (नागपूर)

आहे, आणि अजून आवाक्यात आहे. पाकिस्तानचे सुमारे ९३,००० लोक भारताच्या ताब्यात होते. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार कैद्याला महिन्याला किमान दोन पत्रं आणि चार कार्डं लिहायची मुभा असते. दोन देशांत थेट टपाल बंद होतं, म्हणून ही पत्रं रेड क्रॉसमार्फत जात. ऑगस्ट १९७३ च्या दिल्ली करारानंतर पाठवणी सुरू झाली आणि एप्रिल १९७४ मध्ये संपली, म्हणून त्यापुढची तारीख असलेलं पत्र बारकाईनं तपासा. पकडल्यानंतर लगेच भरायचं ‘कॅप्चर कार्ड’ हे पत्र नव्हे, ते जिनिव्हाच्या मध्यवर्ती कचेरीसाठी असतं. वेगळं ठेवा.

खरी दुर्मीळ बाजू उलटी आहे. पाकिस्तानात असलेले भारतीय कैदी सहाशेच्या थोडे वर होते आणि ते १ डिसेंबर १९७२ ला सुटले. त्यांना घरून गेलेलं पाकीट मिळालं तर जपा. पाकिस्ताननं १९७३ मध्ये भारताच्या ताब्यातल्या आपल्या कैद्यांवर सव्वा रुपयाचं तिकीट काढलं, ते सहज मिळतं आणि संग्रहाच्या पहिल्या पानावर शोभतं. मात्र या पत्रांतल्या माणसांची मुलंबाळं हयात आहेत. समाजमाध्यमांवर चित्र टाकताना नाव-पत्ता झाका.

गोवा मुक्तीनंतरच्या पोर्तुगीज कैद्यांचं टपाल असतं का? (पणजी)

असतं. १९ डिसेंबर १९६१ ला शरणागती झाली आणि तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक मे १९६२ पर्यंत फोंडा, वास्कोजवळ अशा ठिकाणच्या छावण्यांत होते. काळ जेमतेम पाच महिन्यांचा, त्यामुळे तारखेचा शिक्का नसलेलं पाकीट घेण्यात अर्थ नाही. मुक्तीपूर्वी आग्वादच्या तुरुंगात असलेल्या स्वातंत्र्यसैनिकांची पत्रं हा स्वतंत्र विषय आहे. त्यांना युद्धकैदी म्हणू नका, त्यांनाही ते आवडलं नसतं.

वळिवड्याच्या पोलिश कँपचं पाकीट ‘पी. ओ. डब्ल्यू.’ म्हणून मिळालं. बरोबर आहे का? (कोल्हापूर)

नाही. वळिवडे ही १९४३ पासूनची निर्वासितांची वसाहत, बहुतांशी बायका आणि मुलांची. पण पाकीट टाकून देऊ नका. पाठवणारी वळिवड्याची असेल आणि पत्ता जर्मनीतल्या एखाद्या ‘ओफ्लाग’चा, म्हणजे कैदी अधिकाऱ्यांच्या छावणीचा असेल, तर ते निर्वासिताकडून कैद्याला गेलेलं पत्र आहे, आणि मग विक्रेता चुकीच्या कारणानं का होईना, बरोबर आहे.

संग्रह प्रदर्शनात मांडायचा आहे. किती पानं, कसं? (पुणे)

सुरुवात एका फ्रेमनं करा: ए-४ आकाराची १६ पानं. पाच फ्रेम म्हणजे ८० पानं, तेवढं साहित्य जमेपर्यंत वाट पाहू नका. विषय अरुंद घ्या. ‘दुसऱ्या महायुद्धातले युद्धकैदी’ हा १६ पानांचा विषय नाही. ‘भारतातून इटलीतल्या कैद्यांना गेलेलं टपाल, १९४१ ते १९४३’ हा आहे. किंवा उलटा, हिमाचलमधल्या योलला कैदेत असलेल्या इटालियन अधिकाऱ्यांचा. योलच्या छावण्यांना २५ ते २८ हे क्रमांक होते, चार छावण्यांची चार-चार पानं झाली. सप्टेंबर १९४३ नंतर दक्षिण इटली मुक्त आणि उत्तर जर्मनांच्या हाती, त्यामुळे परत आलेली, अडलेली पाकिटं याच विषयात भरपूर.

आंतरराष्ट्रीय नियमांत पोस्टल हिस्टरीला १०० पैकी ३५ गुण ज्ञान आणि संशोधनाला, ३० मांडणीचा आराखडा आणि विषयाचं महत्त्व यांना, ३० स्थिती आणि दुर्मीळतेला, आणि सजावटीला अवघे ५. म्हणून रंगीत कागद, युद्धाची छायाचित्रं आणि रणगाड्यांची चित्रं यांवर वेळ घालवू नका. प्रत्येक वस्तूखाली दोन-तीन ओळी पुरतात: कुठून कुठे, कोणत्या तारखांना, कोणत्या मार्गानं, मोफत की शुल्क भरून, आणि कोणता शिक्का कुणाचा. मागच्या बाजूला महत्त्वाचा शिक्का असेल तर त्याची छायाप्रत मूळ आकाराच्या पाऊणपट करून शेजारी लावा, म्हणजे ती मूळ म्हणून खपवल्याचा संशय येत नाही. फोटो-कॉर्नरनं बसवा, डिंकानं नाही. आणि दुरुस्त केलेली वस्तू असेल तर तसं लिहा, परीक्षक दिवा घेऊनच येतात.